‘पासून’ या शब्दाविषयीं थोडेंसें

इंग्रजी भाषेच्या अभ्यासांत मराठी विद्यार्थ्यास ज्या अडचणी येतात त्यांपैकीं बहुतेक शब्दांच्या असतात, आणि शब्दांची अडचण कोशानें भागते. परंतु एक अडचण अशी आहे कीं, तिच्यापुढें कोश हात टेकतो. कारण तेथें नवा शब्द शोधावयाचा नसून ओळखीच्याच क्रियेकडे निराळ्या बाजूनें पाहावयाचें असतें. ‘मी वाचीत आहें’ आणि ‘मी सकाळपासून वाचीत आहें’ हीं दोन वाक्यें घ्या. मराठींत दोन्ही ठिकाणीं ‘वाचीत आहें’ हेंच क्रियापद आहे. दुसऱ्या वाक्यांत ‘सकाळपासून’ एवढा एकच शब्द अधिक आला. इंग्रजींत मात्र पहिलें वाक्य ‘आय अ‍ॅम रीडिंग’ असें होतें, आणि दुसरें ‘आय हॅव बीन रीडिंग सिन्स मॉर्निंग’ असें होतें. पहिल्या काळास चालू वर्तमानकाळ म्हणतात. दुसऱ्यास चालू-पूर्ण वर्तमानकाळ असें कांहींसें चमत्कारिक नांव आहे. चालूही आणि पूर्णही! हें नांव ऐकून नववीच्या वर्गांतील मुलें हंसतात, आणि मला वाटतें, तीं हंसतात तें योग्यच आहे. जें चालू आहे तें पूर्ण कसें, ही शंका ज्याच्या मनांत येत नाहीं त्याला हा काळ पाठ होईल, पण समजणार नाहीं.

आमचें जाम हें गांव वर्धा जिल्ह्यांत, समुद्रपूर तालुक्यांत आहे. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता येथून जातो व चंद्रपुराकडे जाणारा फांटा येथेंच फुटतो. तोच हमरस्ता आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ या नांवानें श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत पोंचलेला आहे. चौरस्त्यावर वाहनांची दाटी झाली म्हणजे परगांवचे प्रवासी गांवाच्या नांवावरून विनोद करतात. तो विनोद आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, आतां त्यावर येथें कोणी हंसत नाहीं. परंतु या चौरस्त्यामुळें एक गोष्ट घडते. तामिळ, तेलुगू, पंजाबी भाषा बोलणारे ट्रकचालक येथें चहास थांबतात, आणि आमच्या मुलांस लहानपणापासूनच असा अनुभव येतो कीं, आपण बोललों तें समोरच्यास कळेलच असें नाहीं. भाषांतर ही आमच्याकडे केवळ परीक्षेच्या कागदावरची गोष्ट नव्हे.

त्यांतून आमची स्वतःची बोली ही आणखी एक गंमत आहे. पुण्याकडील मनुष्य ‘पाऊस पडत आहे’ असें म्हणतो. आम्ही म्हणतों, ‘पाऊस पडून राहिला.’ ‘काय करून राहिला?’ ‘अभ्यास करून राहिलो.’ एकदां देशावरील एक पाहुणे एका घरीं आले असतां दारांतल्या मुलानें त्यांस सांगितलें, ‘बाबा झोपून राहिले.’ पाहुण्यांस वाटलें, गृहस्थ उठावयाचे होते पण झोपून राहिले, म्हणजे कांहीं काम चुकलें. आणि ते उगीचच चिंतेंत पडले. मुलाच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता कीं, बाबा सध्यां झोंपले आहेत. या प्रकाराबद्दल आमच्या मुलांना पुढें कॉलेजांत गेल्यावर टोमणे सोसावे लागतात. त्यांनीं ते मनावर घेऊं नयेत. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा जो सातवा खंड १९०५ सालीं निघाला तो सगळा मराठीस वाहिलेला आहे, आणि त्यांत वऱ्हाडी व नागपुरी या बोलींची रीतसर नोंद आहे. शिवाय आमच्या या प्रयोगांत विचार करण्यासारखें कांहीं आहे. ‘राहिला’ हें रूप पाहूं गेलें तर होऊन गेलेल्या क्रियेचें. अर्थ मात्र या क्षणाचा. म्हणजे होऊन गेल्याच्या वेषांत चालू गोष्ट सांगावयाची, हें विदर्भांतील मुलास आईच्या तोंडूनच ठाऊक असतें. ‘हॅव बीन’ हा प्रकार त्याला पुणेकर मुलापेक्षां अधिक परका वाटण्याचें कारण नाहीं.

तरी त्याला तो चुकतो, आणि कां चुकतो तेंही उघड आहे. ‘आत्तां पाऊस पडून राहिला’ आणि ‘परवापासून पाऊस पडून राहिला’. क्रियापद पुन्हां तेंच. बोली असो कीं ग्रंथांतली भाषा असो, मराठी माणूस क्रिया कोठून सुरू झाली तें सांगण्याचा सगळा भार ‘पासून’ या तीन अक्षरी शब्दावर टाकतो आणि क्रियापदास मोकळें सोडतो. इंग्रज तसें करीत नाहीं. तो आरंभाचा शब्द तर घालतोच, पण क्रियापदालाही त्या आरंभाची साक्ष द्यावयास लावतो.

येथें कोणी असें समजूं नये कीं, मराठींत हें नाहीं म्हणजे मराठी अपुरी आहे. असा समज पसरण्यास आमच्या व्याकरणांचा इतिहासही थोडासा कारण आहे. विल्यम केरी यांनीं श्रीरामपुराहून मराठीचें व्याकरण १८०५ सालीं काढलें तें इंग्रजींत, इंग्रजांना मराठी शिकतां यावी म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठींत व्याकरण लिहिलें, तेव्हां त्यांच्यापुढेंही इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ सालचा. या थोर पुरुषांचे उपकार फार आहेत. पण इंग्रजी व्याकरणाच्या कोष्टकाशेजारीं मराठीचें कोष्टक मांडण्याची जी संवय तेव्हां लागली, तिनें प्रत्येक इंग्रजी खणासमोर एक मराठी खण असलाच पाहिजे असें आम्हांस वाटूं लागलें. मग ‘आय हॅव बीन रीडिंग’ याच्यासमोर ‘मी वाचीत आलों आहें’ असें लिहून खण भरण्यांत येतो. तें भाषांतर मला पटत नाहीं. ‘मी वाचीत आलों आहें’ याचा अर्थ वर्षानुवर्षें मला वाचनाची संवय आहे असा होतो. सकाळीं आठ वाजतां पुस्तक घेऊन बसलेला मुलगा दहा वाजतां असें कधींही म्हणणार नाहीं.

आणि ज्यांना वाटतें कीं सगळ्या सुधारलेल्या युरोपीय भाषांत ही सोय असेल, त्यांनीं जर्मन किंवा फ्रेंच जाणणाऱ्यास विचारून पाहावें. ‘मी येथें दहा वर्षांपासून राहतों’ हें जर्मन मनुष्य आपल्याप्रमाणेंच साध्या वर्तमानकाळांत सांगतो, आणि फ्रेंचही तसेंच सांगतो. या बाबतींत मराठी एकटी नाहीं; एकटी असलीच तर इंग्रजी आहे. इंग्रजींतही हे सर्व प्रकार आरंभापासून असे रुळलेले नव्हते. शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत पोलोनियस त्या राजपुत्रास काय वाचतां असें विचारतो तेव्हां तेथें साधाच वर्तमानकाळ आहे. आजचा इंग्रज त्या ठिकाणीं चालू काळ घालील. ‘घर बांधलें जात आहे’ या अर्थाचें जें ‘इज बीइंग बिल्ट’ असें वाक्य आपण निःशंकपणें लिहितों, तें एकोणिसाव्या शतकांतल्या कित्येक इंग्रज पंडितांस अशुद्ध व कर्णकटु वाटत असे. भाषा वाढत असते. वाढलेल्या भाषेचे नियम मात्र तिच्या घरीं गेल्यावर पाळावे लागतात.

न पाळल्यास काय होतें तें मीं एकदां प्रत्यक्ष पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं, पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, शेजारच्या म्हाताऱ्या आजींस घेऊन आम्ही एका मोठ्या दवाखान्यांत गेलों होतों. बरोबर त्यांचा नातू होता. मुलगा इंग्रजींत चांगला. वर्गांत त्याचा नंबर नेहमीं पहिल्या पांचांत असे. तपासणारे तरुण डॉक्टर दक्षिणेकडील होते, त्यांस मराठी येत नव्हतें आणि हिंदीही बेताचेंच येत होतें. गर्दीमुळें मी दाराशेजारच्या बांकावर बसलों होतों आणि नातू आजींजवळ उभा होता. डॉक्टरांनीं काय होतें म्हणून विचारलें. आजी म्हणाल्या, ‘संक्रांतीपासून खोकून राहिली ना बापा मी.’ नातवानें चटकन भाषांतर केलें, ‘शी इज कफिंग.’

डॉक्टरांनीं आजींकडे पाहिलें. त्या क्षणीं त्या मुळींच खोकत नव्हत्या. डॉक्टरांनीं विचारलें, ‘नाउ?’ मुलगा पुन्हां म्हणाला, ‘येस सर, शी इज कफिंग.’ डॉक्टरांनीं मान हालविली व खोकल्याचें साधें औषध लिहावयास घेतलें. इतक्यांत आजींनीं नातवाची बाही ओढली. ‘अरे, त्याईले सांग ना, संक्रांतीपासून.’ मुलगा गोंधळला आणि म्हणाला, ‘फ्रॉम संक्रांत.’ डॉक्टरांची लेखणी थांबली. ‘संक्रांत? पोंगल?’ मुलानें होय म्हणून मान डोलावली. तेव्हां डॉक्टरांनीं एक एक शब्द सावकाश उच्चारून तें वाक्य स्वतःच पुरें केलें: ‘शी हॅज बीन कफिंग सिन्स पोंगल.’ लिहिलेला कागद त्यांनीं बाजूस सारला, दुसरा घेतला, आणि थुंकीची तपासणी व छातीचा फोटो लिहून दिला. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयाची तपासणी करावी, असा आपल्या देशांतील क्षयनिवारणाच्या कार्यक्रमाचा दंडक आहे. येथें तर अडीच महिने झाले होते. तपासणींत क्षयच निघाला. सहा महिने औषध न चुकतां घ्यावें लागलें. आजींनीं तें घेतलें, आणि त्या वर्षीं दिवाळीनंतर त्या पुन्हां कापूस वेचावयास गेल्या.

मला त्या मुलास दोष द्यावयाचा नाहीं. दोन्ही काळांचीं कोष्टकें त्याला मुखोद्गत होतीं, आणि परीक्षेंत ‘रिकाम्या जागा भरा’ असा प्रश्न आला असता तर त्यानें दहापैकीं दहा गुण मिळविले असते. रिकामी जागा असते तेथें पुढें ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ छापलेलें असतें. तो शब्द पाहावयाचा आणि ‘हॅज बीन’ भरावयाचें, एवढी युक्ति त्याला ठाऊक होती. दवाखान्यांत कोणी ‘सिन्स’ छापून ठेविलेला नव्हता. तेथें आजींच्या ‘संक्रांतीपासून’ या शब्दांतून तो त्यालाच काढावयाचा होता. आमच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांस शेवटचें पाऊल तेवढें टाकावयास लावतात. पहिलें पाऊल, म्हणजे हा काळ येथें हवा कीं तो, हें ठरविण्याचें काम छापखान्यानेंच उरकलेलें असतें. याविषयीं माझें मत फार कडू आहे, पण तें लिहीत बसलों तर हें पान पुरणार नाहीं.

तेव्हांपासून मी वर्गांत कोष्टकापूर्वीं एक प्रश्न विचारावयास शिकवितों. तुमचें वाक्य फक्त समोर पाहतें कीं मागें वळून पाहतें? ‘आजी खोकत आहेत’ हें वाक्य समोर पाहतें. ऐका, आंतून आवाज येतो आहे. तेथें ‘इज कफिंग’. ‘आजी संक्रांतीपासून खोकत आहेत’ हें वाक्य मागें वळून संक्रांतीपर्यंत नजर टाकतें आणि पुन्हां आजवर येतें. तेथें ‘हॅज बीन कफिंग’. आतां ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ यांचें भांडणही मिटतें. खोकला चालू आहे. पूर्ण झाले आहेत ते मधले अडीच महिने.

आणि येथें मला आमच्या मराठीची एक जुनी लकब आठवते, जी व्याकरणाच्या पुस्तकांत या प्रकरणीं कोणी सांगत नाहीं. आपण म्हणतों, ‘तीन दिवस झाले, पाऊस पडत आहे.’ या वाक्यांत ‘झाले’ कोण? दिवस. पूर्णता आम्हांसही दाखवितां येते, फक्त आम्ही ती दिवसांच्या पदरीं घालतों आणि पावसाला पडत राहूं देतों. इंग्रज तीच पूर्णता दिवसांकडून काढून घेऊन पावसाच्या गळ्यांत बांधतो: ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर थ्री डेज.’ ज्या मुलाला हें एकदां दिसलें त्याला मीं पुढें कोष्टक पाठ करावयास सांगितलेलें नाहीं. मनांत ‘इतके दिवस झाले’ असें म्हणून पाहावें. तें वाक्यास शोभलें कीं ‘हॅव बीन’ यावयाचेंच.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा घोटाळाही ‘पासून’नेंच केला आहे, कारण आपण ‘सोमवारपासून’ म्हणतों आणि ‘तीन दिवसांपासून’ही म्हणतों. शेतकऱ्याच्या मुलास हें समजावयास वेळ लागत नाहीं. बैल खुंटीला बांधलेला आहे. खुंटी कोठें रोंवली तें ‘सिन्स’ सांगतो: सोमवार, संक्रांत, सकाळ, २०१५ साल. दावें किती लांब तें ‘फॉर’ सांगतो: तीन दिवस, अडीच महिने, दहा वर्षें. ‘फ्रॉम’ या शब्दास या कामीं हात लावूं नये.

इथवर आलेल्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती मला सर्वांत सुंदर वाटते. क्रिया थांबली असली, पण तिच्या खुणा समोर ताज्या असल्या, तरीही इंग्रज हाच काळ वापरतो. पहांटे दार उघडलें. आकाश मोकळें आहे, पण अंगण ओलें आहे, पागोळ्या गळत आहेत. ‘इट हॅज बीन रेनिंग.’ आत्तां पाऊस नाहीं. येथें ‘इट इज रेनिंग’ म्हटलें तर तें चक्क खोटें होईल. मराठींत आपण अशा वेळीं काय म्हणतों? ‘पाऊस पडून गेलेला दिसतो.’ पडून ‘राहिला’ नव्हे, पडून ‘गेला’. हीं दोन्ही वाक्यें शेजारीं ठेवून पाहावींत; आमच्या बोलीचा कान किती सूक्ष्म आहे तें कळतें. आमच्या भागांत कापसाच्या दिवसांत संध्याकाळीं बाया घरीं येतात तेव्हां त्यांच्या केसांत कापसाचे तंतू असतात आणि बोंडांच्या टोंकांनीं बोटें ओरखडलेलीं असतात. त्यांना पाहून कोणी इंग्रज म्हणेल, ‘दे हॅव बीन पिकिंग कॉटन.’ वेचणें संपलें आहे, संपलें नाहींत तीं बोटांवरचीं चिन्हें. पण त्यांनीं किती वेचला हें सांगावयाचें असेल तर हा काळ चालणार नाहीं. तेथें हिशेब आला, काम तुकड्यांत मोजलें गेलें, म्हणून ‘दे हॅव पिक्ड ट्वेंटी किलोज’ असा साधा पूर्ण काळ घ्यावा. मजुरी याच वाक्यावर मिळते.

पालकांस या काळाचें काम दवाखान्यापेक्षां कचेरींत अधिक पडतें. आपल्या राज्यांत अधिवासाचा दाखला मागतांना सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. मुलाकडून इंग्रजी अर्ज लिहवून घेतांना त्यांत ‘आय अ‍ॅम लिव्हिंग अ‍ॅट जाम’ असें वाक्य आलें तर तें वरवर निर्दोष दिसेल, पण वाचणाऱ्यास वाटेल कीं, या गृहस्थानें परवांच बिऱ्हाड आणलें आहे आणि उद्यां हलविणार आहे. कारण चालू वर्तमानकाळास तात्पुरतेपणाचा वास येतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग अ‍ॅट जाम फॉर ट्वेंटी इयर्स’ असें लिहिलें कीं वीस वर्षें उभीं राहतात. नोकरीच्या अर्जांत ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स’ असें लिहिणारे तर पदवीधरांतही पुष्कळ आढळतात. मात्र जाणणें, असणें, आवडणें अशा ज्या गोष्टी चालत नाहींत, नुसत्या असतात, त्यांना हा ‘इंग’चा प्रत्यय लावूं नये. ‘मी त्यांस दहा वर्षांपासून ओळखतों’ याचें इंग्रजी ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ एवढेंच. ओळख ही दिवसभर करीत बसण्याची क्रिया नव्हे.

संपादकांनीं मला जागा बेतानेंच दिली आहे, तरी पुढच्या सुटींत करावयास म्हणून चार वाक्यें देऊन ठेवितों. बाबा शेतांत कापूस वेचून राहिले. बाबा दसऱ्यापासून कापूस वेचून राहिले. बाबांनीं आजवर सहा क्विंटल कापूस वेचला. आई, तुझे हात असे कां झाले ग? कापूस वेचून आलें रे बाबा. चौथ्या प्रश्नोत्तरांत ‘पासून’ कोठेंही नाहीं हें लक्षांत असूं द्यावें, आणि भाषांतर वहींत लिहून सुटी संपल्यावर मला दाखवावें.